संगणकशास्त्राचे आणि सॉफ्टवेअरचे अग्रणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकाच्या इतिहासाबद्दल विद्यार्थी, शिक्षक, नोकरीतले प्रोग्रामर आणि निव्वळ कुतूहल असलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गोष्टी दोन ओळींत उरकल्या की हमखास चुकीच्या सांगितल्या जातात.

संगणकाचा जनक नेमका कोण?

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एकच नाव असतं: चार्ल्स बॅबेज. प्रत्यक्षात 'संगणक' म्हणजे तुम्ही काय धरता, त्यावर नाव बदलतं. कोणतंही गणित करू शकेल अशा यंत्राचा कागदावरचा आराखडा धरलात तर बॅबेज. प्रोग्रामप्रमाणे खरोखर चाललेलं यंत्र धरलंत तर कोनराड त्सुसे. त्याचं झेड-३ बर्लिनमध्ये १९४१ साली चालू झालं आणि १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं. इलेक्ट्रॉनिक यंत्र हवं असेल तर अमेरिकेत अटानासॉफ आणि बेरी ही जोडी आहे, इंग्लंडमध्ये सांकेतिक संदेश फोडणारं कोलोसस यंत्र बांधणारा टॉमी फ्लॉवर्स आहे. फ्लॉवर्स टपाल खात्यातला अभियंता होता आणि युद्धकाळातलं त्याचं काम १९७० च्या दशकापर्यंत गुप्त राहिलं. एनिॲक हे अमेरिकी इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधणारे एकर्ट आणि मॉकली यांचा दावा तर कोर्टात गेला. १९७३ साली अमेरिकी न्यायालयानं त्यांचं पेटंट रद्द केलं आणि मूळ कल्पनांचं श्रेय अटानासॉफला दिलं.

मला या वादापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: या माणसानं असं काय करून ठेवलं, की त्याच्या मागून येणाऱ्याला ते काम पहिल्यापासून करावं लागलं नाही? हा निकष लावला की यादीतली काही गाजलेली नावं मागे सरकतात आणि फारशी न ऐकलेली पुढे येतात.

बॅबेजचं यंत्र कधी पूर्णच झालं नाही. मग त्याला एवढं महत्त्व का?

त्याची दोन यंत्रं वेगळी समजून घ्यायला हवीत. 'डिफरन्स इंजिन' हे गणिती तक्ते बिनचूक तयार करण्यासाठी होतं. सरकारनं त्यावर सुमारे १७,००० पौंड खर्च केले आणि १८४२ मध्ये हात काढून घेतला. त्यानंतर सुचलेलं 'ॲनालिटिकल इंजिन' ही मात्र फार मोठी उडी होती. त्यात आकडेमोड करणारा भाग वेगळा, आकडे साठवणारा भाग वेगळा, आणि काय करायचं ते भोकं पाडलेल्या कार्डांवरून वाचायचं, अशी रचना होती. कार्डांची कल्पना जकार्डच्या विणकामाच्या मागावरून घेतलेली. आजच्या संगणकातले प्रोसेसर आणि मेमरी हे दोन भाग त्याच विभागणीतले आहेत.

आराखडा चालणारा होता का, याची परीक्षाही झाली आहे. लंडनच्या सायन्स म्युझियमनं बॅबेजच्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनाचा गणन-विभाग त्याच्याच चित्रांवरून, त्याच्या काळात साधली असती इतकीच अचूकता पाळून बांधला. १९९१ साली तो चालला आणि ३१ अंकांपर्यंत बरोबर उत्तरं देऊ लागला.

एडा लव्हलेस खरंच पहिली प्रोग्रामर होती का?

या उत्तरात दोन टोकं दिसतात. एका बाजूला तिला देवत्व देणारे, दुसऱ्या बाजूला 'सगळं बॅबेजनंच केलं' म्हणणारे. कागदपत्रं पाहिली तर चित्र पुरेसं स्पष्ट आहे.

इटलीच्या मेनाब्रेआनं ॲनालिटिकल इंजिनावर फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. एडानं त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि त्याला स्वतःच्या सात टिपा जोडल्या. १८४३ साली हे छापून आलं तेव्हा टिपा मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट झाल्या होत्या. शेवटच्या, म्हणजे सातव्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याचा मोठा तक्ता आहे. त्यात २५ क्रिया ओळीनं मांडल्या आहेत. प्रत्येक ओळीत क्रिया कोणती, कोणत्या खणांतले आकडे घ्यायचे, उत्तर कुठल्या खणात ठेवायचं, त्यामुळे कोणता खण बदलला, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत. १३ ते २३ या क्रिया पुन्हा पुन्हा करायच्या आहेत. प्रोग्रामिंग शिकलेल्या कुणालाही हा लूप लगेच ओळखू येतो.

या तक्त्याच्या चौथ्या ओळीत भाज्य आणि भाजक उलटे पडले आहेत. लिहिताना झालं की छपाईत, ते बाजूला ठेवू. छापलेल्या पहिल्या मोठ्या प्रोग्रामातच एक चूक आहे आणि यंत्र हाताशी नसल्यामुळे ती तेव्हा पकडली गेली नाही.

बॅबेजनं याआधी स्वतःसाठी छोटे प्रोग्राम लिहून पाहिले होते, त्यामुळे 'पहिली' या शब्दावर वाद घालता येतो. पण एडाचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. हे यंत्र फक्त आकड्यांचं नाही, ज्या कशाचे परस्परसंबंध नियमांत मांडता येतात त्या सगळ्यावर ते काम करू शकेल, अगदी संगीतरचनेवरही, हे तिनं स्वच्छ लिहून ठेवलं. बॅबेजला स्वतःच्या यंत्रात गणित दिसत होतं, तिला त्यापलीकडचं दिसलं.

ॲलन ट्युरिंगनं एनिग्मा फोडली, म्हणून तो मोठा ना?

एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राचे संदेश उलगडण्याचं काम मोठं होतंच, पण ते त्याच्या एकट्याचं नाही. पोलंडच्या मरियन रेयेव्स्कीनं १९३२ मध्येच एनिग्माची अंतर्गत रचना गणितानं उलगडली होती, आणि रुझित्स्की व झिगाल्स्की या सहकाऱ्यांसह त्यानं उभ्या केलेल्या पद्धती १९३९ च्या जुलैमध्ये पोलंडनं ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केल्या. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडण्याच्या केंद्रात ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी त्यापुढचं, वेगळ्या तत्त्वावर चालणारं 'बॉम्ब' यंत्र घडवलं.

संगणकशास्त्राच्या दृष्टीनं ट्युरिंगचं खरं काम त्याआधीचं, १९३६ चं आहे. वय २४. प्रश्न शुद्ध तर्कशास्त्राचा होता: कोणतंही गणिती विधान सिद्ध होतं की नाही, हे ठरवणारी एखादी ठरावीक कृती असू शकते का? उत्तर देण्यासाठी 'ठरावीक कृती' म्हणजे काय, हेच आधी पक्कं करावं लागणार होतं. त्यासाठी त्यानं एक काल्पनिक यंत्र रचलं. एक लांबच लांब पट्टी, तिच्यावरचं एका वेळी एकच चिन्ह वाचायचं, हवं तर बदलायचं, एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं आणि स्वतःची अवस्था बदलायची. एवढंच. मग त्यानं दाखवलं की अशा प्रत्येक यंत्राचं वर्णन दुसऱ्या एका यंत्राच्या पट्टीवर लिहिता येतं आणि ते दुसरं यंत्र पहिल्याची हुबेहूब नक्कल करू शकतं. एकच यंत्र, आणि काम बदलायला फक्त पट्टीवरचा मजकूर बदलायचा: सॉफ्टवेअर नावाच्या गोष्टीचं सैद्धांतिक मूळ इथे आहे. मूळ प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आलं. त्याच वर्षी अलोन्झो चर्च वेगळ्या वाटेनं याच उत्तरापर्यंत पोहोचला होता.

१९५२ मध्ये समलैंगिक संबंधांवरून ट्युरिंगला दोषी ठरवून त्याच्यावर हार्मोनचे उपचार लादले गेले. ७ जून १९५४ ला तो गेला, वयाच्या ४१ व्या वर्षी. ब्रिटिश पंतप्रधानांची माफी २००९ मध्ये आली, राजमाफी २०१३ मध्ये. हा अन्याय सांगितल्याशिवाय त्याच्या कामाबद्दल बोलणं मला अपुरं वाटतं.

क्लॉड शॅननचं नाव इतरांइतकं ऐकू येत नाही. त्यानं काय केलं?

बूलचं तर्काचं बीजगणित १८५४ पासून पुस्तकात होतं आणि रिलेचे, म्हणजे विजेनं उघडझाप होणाऱ्या स्विचांचे, सर्किट टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. दोन्ही एकच आहेत, हे शॅनननं १९३७ मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधात मांडलं. तेव्हापासून सर्किट अंदाजानं जुळवायची गरज उरली नाही, ती समीकरणासारखी सोडवता येऊ लागली. पुढे १९४८ मध्ये त्यानं माहिती मोजण्याचा सिद्धांत दिला. एका माणसाच्या नावावर हे दोन्ही असणं थक्क करणारं आहे.

एनिॲकच्या प्रोग्रामर महिलांबद्दल इतकी वर्षं कुणालाच कसं माहीत नव्हतं?

छायाचित्रांत त्या होत्या. पण नंतरच्या काळात त्यांना यंत्राशेजारी उभ्या केलेल्या मॉडेल समजण्यात आलं. कॅथी क्लाइमन या संशोधिकेनं १९८० च्या दशकात चौकशी सुरू केली तेव्हा तिलाही हेच उत्तर मिळालं होतं.

त्या सहा जणी अशा: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिख्टरमन. १९४५ मध्ये त्यांना कामावर घेतलं गेलं तेव्हा सुरुवातीला यंत्राच्या खोलीत जायचीही परवानगी नव्हती. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूबचं, ३० टनांचं ते यंत्र त्या कागदावरच्या आकृत्या पाहून शिकल्या. एनिॲकला प्रोग्रामिंगची भाषा नव्हती. काम बदलायचं म्हणजे केबल उपसून दुसरीकडे खोचायच्या आणि शेकडो स्विच नव्याने लावायचे. कुठल्या क्षणी कुठला भाग कुठल्या भागाला आकडा देईल, हे सगळं आधी कागदावर जुळवावं लागे.

१५ फेब्रुवारी १९४६ ला प्रात्यक्षिक होतं. तोफगोळ्याचा मार्ग काढून दाखवायचा होता. आदल्या रात्रीपर्यंत एक दोष सापडत नव्हता: गोळा जमिनीवर पडला तरी हिशेब थांबत नव्हता. बेटी स्नायडर घरी गेली, सकाळी परत आली आणि तिनं एक स्विच बदलला. प्रात्यक्षिक यशस्वी झालं. गोळ्याला प्रत्यक्ष पोहोचायला लागला असता त्यापेक्षा कमी वेळात त्याचा मार्ग हिशेबात निघाला. संध्याकाळच्या सत्कार-भोजनाला मात्र यांपैकी कुणालाही बोलावणं नव्हतं.

कारण सरळ आहे. यंत्र बांधणं हे मोठं काम आणि ते चालवायला शिकवणं हे कारकुनी काम, अशी तेव्हा समजूत होती. बेटी स्नायडर पुढे बेटी होल्बर्टन या नावानं युनिव्हॅक या संगणकासाठी डेटा क्रमानं लावणारे प्रोग्राम आपोआप तयार करणारा प्रोग्राम लिहिणारी, आणि कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा घडवणाऱ्या मंडळींतली एक झाली.

'फॉन नॉयमन रचना' फॉन नॉयमनचीच का?

अंशतः. प्रोग्राम आणि डेटा एकाच मेमरीत ठेवायचा, ही कल्पना एनिॲकनंतरच्या एडव्हॅक यंत्राच्या चर्चांमधून आकाराला आली. त्या चर्चांत एकर्ट आणि मॉकली आधीपासून होते. फॉन नॉयमननं १९४५ च्या जूनमध्ये त्याचा मसुदा लिहिला आणि तो फक्त त्याच्या नावानं वाटला गेला. त्याची मांडणी इतकी स्वच्छ होती की सगळ्यांनी तीच वाचली आणि तेच नाव चिकटलं. तो मसुदा खुला झाल्याचा फायदा जगभरच्या यंत्रं बांधणाऱ्यांना झाला, हेही तितकंच खरं.

मेमरीत साठवलेला पहिला प्रोग्राम कधी चालला?

२१ जून १९४८, मँचेस्टर विद्यापीठ. यंत्राचं लाडकं नाव 'बेबी'. टॉम किलबर्नच्या १७ सूचनांच्या प्रोग्रामला उत्तर शोधायला ५२ मिनिटं लागली.

रोजच्या वापराचा संगणक म्हणून पाहिलं तर पुढच्या वर्षी केंब्रिजमध्ये सुरू झालेल्या एडसॅककडे जायला हवं. मॉरिस विल्क्सचं ते यंत्र. ते चालू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की आता आपलं उरलेलं बरंचसं आयुष्य स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. त्याच्या गटातल्या डेव्हिड व्हीलरनं यावर सर्वांत टिकाऊ उपाय काढला. एकदा तपासलेला सूचनांचा तुकडा बाजूला ठेवायचा, हवा तिथून त्यात उडी मारायची आणि काम झालं की निघालो होतो तिथे परत यायचं. यालाच आपण सबरुटीन किंवा फंक्शन म्हणतो. व्हीलरचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं, पण मागून येणाऱ्यांचं काम वाचवण्याचा निकष लावला तर मी त्याला पहिल्या पाचांत ठेवीन.

ग्रेस हॉपर म्हणजे संगणकात किडा सापडल्याची गोष्ट, एवढंच ना?

तो पतंग खरा आहे. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क-२ यंत्राच्या रिलेत तो सापडला आणि नोंदवहीत चिकटपट्टीनं लावून ठेवला गेला. पण दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत एडिसनच्या काळापासून होती, आणि पतंग हॉपरनं स्वतः काढलेलाही नव्हता. हॉपर ती गोष्ट रंगवून सांगायची, म्हणून तिच्या नावावर जमा झाली.

तिचं खरं काम १९५२ चं. माणसाला सोयीच्या खुणांमध्ये लिहिलेल्या मजकुरावरून यंत्रानंच यंत्राच्या सूचना जुळवायच्या, असा ए-० हा प्रोग्राम तिनं तयार केला. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम लिहीत नाही, असं तिला सांगितलं गेलं. त्यानंतर तिनं इंग्रजी शब्दांत लिहिता येणारी फ्लो-मॅटिक भाषा केली आणि १९५९ पासून आकाराला आलेल्या कोबोलचा पाया तोच. ७९ व्या वर्षी नौदलातून रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त होईपर्यंत ती व्याख्यानांत सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारा वाटायची: एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाते. उपग्रहामार्फत संदेशाला वेळ का लागतो, हे त्या तारेवरून कुणालाही कळायचं.

फोरट्रान आणि लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषा एकाच सुमारास कशा आल्या?

गरज एकच होती, दिशा वेगळ्या. आयबीएममध्ये जॉन बॅकसच्या गटानं १९५७ मध्ये फोरट्रान दिली. हातानं लिहिलेल्या कोडइतका वेग भाषांतरित कोडला येणार नाही, हा तेव्हाचा ठाम समज होता. गटानं आपली ताकद नेमकी तिथेच लावली आणि वेगवान कोड काढून दाखवला, म्हणून लोक वळले. जॉन मॅकार्थीची लिस्प १९५८ ची. लिस्पचा अर्थ लिस्पमध्येच सांगणारं एक फंक्शन त्यानं कागदावर, सिद्धांतासाठी लिहिलं होतं. त्याचा सहकारी स्टीव्ह रसेलनं ते थेट यंत्रभाषेत उतरवलं आणि लिस्पचा इंटरप्रिटर, म्हणजे ती भाषा वाचून लगेच चालवणारा प्रोग्राम, तयार झाला. मॅकार्थीला स्वतःला ते होईल असं वाटलं नव्हतं.

डाइक्स्ट्रा आणि होअर यांचं काम आजच्या प्रोग्रामरला कुठे भेटतं?

रोज, आणि बहुधा नकळत. दोन ठिकाणांमधला सर्वांत कमी अंतराचा रस्ता काढण्याची कृती एड्सखर डाइक्स्ट्राला १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत सुचली. कागद नसल्यामुळे गुंतागुंत टाळणं भाग पडलं, असं तो नंतर सांगे. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यानं व्यवसाय 'प्रोग्रामर' लिहिला तर अधिकाऱ्यांनी तो मान्य केला नाही. असा व्यवसायच नव्हता.

टोनी होअरला क्विकसॉर्ट ही यादी क्रमानं लावण्याची कृती सुचली ते मॉस्कोमध्ये शिकत असताना. रशियन वाक्यांचं यंत्रानं भाषांतर करण्याआधी शब्द शब्दकोशाच्या क्रमानं लावायचे होते. त्याच होअरनं १९६५ मध्ये एका भाषेत 'नल', म्हणजे कशाकडेच न दाखवणारा, संदर्भ घातला, कारण तो करायला सोपा होता. २००९ मध्ये त्यानं जाहीरपणे त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. एवढ्या उंचीच्या माणसानं हे मोकळेपणानं सांगितलं. नंतरच्या अनेक भाषांनी 'नल' हाताळण्याची पद्धत बदलली.

मार्गारेट हॅमिल्टननं अपोलोचं सगळं सॉफ्टवेअर एकटीनं लिहिलं का?

नाही, आणि तसा दावा तिनंही केलेला नाही. एमआयटीच्या प्रयोगशाळेत यानावरच्या सॉफ्टवेअरच्या गटाचं नेतृत्व तिच्याकडे होतं. त्या संगणकाची कायमची मेमरी तारा विणून बनवलेली होती. तार चुंबकीय कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. कारखान्यातल्या महिला ती हातानं विणत. एकदा विणल्यावर कोड बदलणं म्हणजे पुन्हा विणकाम, त्यामुळे चूक आधीच पकडावी लागे.

तिची लहान मुलगी एकदा सिम्युलेटरशी खेळत होती. तिनं काही बटणं दाबली आणि उड्डाण चालू असताना उड्डाणपूर्व तयारीचा प्रोग्राम सुरू झाला. हॅमिल्टनला त्यावर तपासणी घालायची होती. अंतराळवीर अशी चूक करणार नाहीत, असं उत्तर मिळालं. १९६८ मध्ये अपोलो-८ वर जिम लव्हेलच्या हातून नेमकी तीच चूक झाली.

२० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरताना संगणकानं १२०२ ही धोक्याची सूचना दाखवली, तेव्हा त्यानं कमी महत्त्वाची कामं सोडून उतरण्याचं काम चालू ठेवलं. महत्त्वानुसार कामं लावण्याची ही रचना हॅल लॅनिंगची होती. हॅमिल्टननं आग्रहानं रुजवलेली गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअर हीसुद्धा अभियांत्रिकी आहे, तिची तितक्याच कसोशीनं चाचणी व्हायला हवी.

युनिक्स आणि सी यांचं एवढं कौतुक का होतं?

युनिक्स ही संगणक चालवणारी कार्यप्रणाली. बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेनं मल्टिक्स हा अशाच कार्यप्रणालीचा अवाढव्य प्रकल्प सोडला, त्यानंतर १९६९ मध्ये केन थॉम्पसननं पडून असलेल्या एका छोट्या पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. पत्नी मुलाला घेऊन गावाला गेली होती, त्या काही आठवड्यांत मूळ गाभा उभा राहिला. डेनिस रिचीनं सी भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्स तिच्यात पुन्हा लिहिलं गेलं. त्यामुळे युनिक्स एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात हलवता येऊ लागलं. डग मॅकिलरॉयच्या आग्रहानं आलेले पाइप मला त्यातले सर्वांत देखणे वाटतात: छोटे प्रोग्राम लिहा, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडात द्या. तुमचा फोन, बहुतेक सर्व्हर, सगळीकडे ही वंशावळ आहे.

माउस स्टीव्ह जॉब्सनं आणला ना?

तो डग्लस एंगेलबर्टचा. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं ९० मिनिटांत माउस, दुवे असलेला मजकूर, दोघांनी मिळून एकाच दस्तऐवजावर काम करणं आणि व्हिडिओवरून संभाषण, हे सगळं चालवून दाखवलं.

इंटरनेट आणि वेब एकाच माणसाचं काम आहे का?

दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळे काळ. जाळ्यांचं जाळं कसं जोडायचं, याची मांडणी व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये केली आणि १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट हे अमेरिकेतलं आधीचं संगणक-जाळं त्या नियमांवर गेलं. वेब त्यावर चालतं; त्याचा प्रस्ताव टिम बर्नर्स-लीनं सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधनसंस्थेत १९८९ च्या मार्चमध्ये दिला. ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं ते तंत्र सर्वांना फुकट खुलं केलं. तंत्राइतकाच हा निर्णय महत्त्वाचा होता.

बिल गेट्ससारख्यांना या यादीत का धरत नाहीत?

त्यांनी उद्योग उभे केले आणि संगणक घराघरात पोहोचवला. ते कर्तृत्व वेगळं. इथे विचार आणि साधनं घडवणाऱ्यांबद्दल लिहिलं आहे.

यातलं काही स्वतः करून पाहता येईल का?

नक्की. अपोलोच्या संगणकाचा मूळ कोड इंटरनेटवर खुला आहे, एडसॅकचा सिम्युलेटर मिळतो. पण माझा सल्ला, बेबीपासून सुरुवात करा, कारण ते यंत्र तुम्हाला येत असलेल्या कोणत्याही भाषेत एका संध्याकाळी पुन्हा उभं करता येतं. प्रत्येकी ३२ बिटांचे ३२ शब्द, एवढीच मेमरी. सूचना सात प्रकारच्या: थेट उडी, सापेक्ष उडी, आकडा चिन्ह बदलून घेणं, साठवणं, वजा करणं, उत्तर ऋण असेल तर पुढची सूचना गाळणं, आणि थांबणं. बेरीज नाही, त्यामुळे ती वजाबाकीतून काढावी लागते. भागाकार नाही, तोही वजाबाकीनंच. मग किलबर्नचा प्रश्न घाला: २ च्या १८ व्या घाताचा, त्या संख्येहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक कोणता? एकेक संख्या खाली उतरत तपासायची. उत्तर १,३१,०७२ यायला हवं.